'हस्ते' हा रकाना : कलेसाठी वर्गणी मागत फिरलेल्या माणसाचं चरित्र कसं लिहावं

आमच्या संगीत मंडळासाठी आयुष्यभर वर्गणी मागत फिरलेल्या ताई गेल्या. मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर लेख लिहिला आणि डीटीपी करणाऱ्या मुलाच्या हाती दिला. त्याने दोन पानं चाळली आणि विचारलं, "काका, हा दुसरा परिच्छेद गेल्या वर्षीच्या मानपत्रातून उचलू का? तोच आहे. टायपिंग वाचेल." मी म्हटलं, अरे, ते मानपत्र निवृत्त मुख्याध्यापकांचं होतं. त्याने संगणकावर फाइल उघडून दाखवली. 'निरपेक्ष वृत्तीने अखंड समाजऋण फेडणारे' आणि पुढचं सगळं. मजकूर माझाच होता. 'फेडणारे'चं 'फेडणाऱ्या' केलं की काम भागत होतं.

लेख परत घेतला. छापायला आठ दिवस होते, मी तीन महिने घेतले. स्मरणिका उत्सवात निघाली नाही, त्यावरून कार्यकारिणीत बोलणीही खाल्ली. पण त्या तीन महिन्यांत जे हाताला लागलं ते इथे लिहून ठेवतो. कारण प्रत्येक गावात अशी एक ताई नाहीतर अण्णा असतात. स्वतःच्या खिशात फारसं काही नसताना गाण्याच्या मैफली, नाट्यस्पर्धा, वाचनालयाची वास्तू यांसाठी ते आयुष्यभर लोकांच्या दारात उभे राहतात. ते गेले की चार पानं लिहायचं काम कुणातरी माझ्यासारख्याच्या गळ्यात पडतं. मी पतसंस्थेत एकतीस वर्षं रोखपाल होतो, एवढीच माझी या विषयातली पात्रता. ती उपयोगी पडली.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपण दात्याचं चरित्र लिहीत नाही, मागणाऱ्याचं लिहितोय. दात्याचं नाव कोनशिलेवर असतं, मागणाऱ्याचं पावतीवर, तेही खाली कोपऱ्यात 'हस्ते' लिहिलेलं असतं तिथे. तेव्हा सुरुवात कपाटापासून करायची.

कुठल्याही मंडळाच्या कपाटात मानचिन्हं पुढे आणि पावतीपुस्तकं मागे असतात. आमची एका पत्र्याच्या ट्रंकेत होती, वर जुना गालिचा. कसरीने काही पुस्तकांची नक्षी केली होती. फाटकी वाटली तरी टाकू नका. पुस्तकात मूळ पावती नसते, ती देणगीदाराकडे जाते. आपल्याला मिळते ती स्थळप्रत, कार्बनच्या निळ्या अक्षरातली. कार्बन पुसट झाला असेल तर पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरा. पेनचा दाब कागदावर उमटलेला असतो, रक्कम वाचता येते. आकड्यात शंका आली तर 'अक्षरी रुपये' बघा. एकशे एकचं हजार एक होऊ नये म्हणूनच ती ओळ छापलेली असते.

एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि पाच रकाने आखा : तारीख, नाव, रक्कम, हस्ते, शेरा. संगणकावर करता येत असेल तर करा. मी वहीत केलं, कारण लिहिताना हात सावकाश चालतो आणि डोळ्यांना काही दिसतं. पहिल्या पन्नास पावत्यांपर्यंत कंटाळा येतो. मग नमुने दिसू लागतात. मला काय दिसलं? ज्या पुस्तकापासून ताईंचं अक्षर सुरू होतं, त्यातल्या शंभर पावत्यांपैकी त्र्याऐंशींवर हस्ते म्हणून त्याच. रकमा ११, २१, ५१. एकशे एकच्या वर मोजून चार. आणि तारखा बघितल्या तर बहुतेक रविवार आणि गुरुवार. गुरुवारी आमचा बाजार बंद असतो. दुकानदार घरी सापडतो, गिऱ्हाईक नसतं, 'नंतर या' म्हणायला कारण नसतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तारखांपुढे वार लिहीत गेलो तेव्हा कळलं.

पाठीमागची बाजूही बघा. ताई स्थळप्रतीच्या मागे पेन्सिलीने लिहीत. 'दिवाळीनंतर.' 'सुनेला गाण्याची आवड.' 'यांच्याकडे संध्याकाळी जाऊ नये.' एके ठिकाणी नुसतं 'चहा घेतला नाही'. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण लेखात मी तो जसाच्या तसा घातला.

रद्द पावत्या तर सोडूच नका. नीट ठेवलेल्या पुस्तकात रद्द पावतीची मूळ प्रतही टाचणीने स्थळप्रतीलाच लावलेली असते, आणि का रद्द झाली याच्यामागे हमखास काहीतरी असतं. आमच्याकडे ५,००१ रुपयांची एक सापडली. त्या काळात आमच्या उत्सवाचा एका दिवसाचा मंडप त्यात उभा राहायचा. आडवी रेघ, 'रद्द', खाली ताईंची सही. मागे पेन्सिलीने : 'चिरंजीवांना मुख्य कलाकारांआधी अर्धा तास हवा.' तेव्हाच्या सचिवांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "चेक परत द्यायला त्या एकट्या गेल्या. मी म्हटलं होतं, अहो, वीस मिनिटं देऊन टाकू, काय बिघडतं? तर म्हणाल्या, वीस मिनिटं आपली नाहीत, तिकीट काढलेल्यांची आहेत." माझ्या पहिल्या लेखात 'तत्त्वनिष्ठ' असा शब्द होता. तो काढला आणि ही पावती घातली.

जुन्या पुस्तकांत दोन खाचखळगे आहेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधीच्या हिशेबात रुपये, आणे, पै असे तीन रकाने असतात. ३-८-० म्हणजे साडेतीन रुपये, तीन रुपये आठ पैसे नव्हे. आमच्याच एका जुन्या स्मरणिकेत कुणीतरी आण्यांचे पैसे करून बेरीज छापली आहे आणि ती पुढच्या पाच स्मरणिकांत तशीच फिरते आहे. दुसरं, व्यापाऱ्याच्या वहीतून काही उतरवून घेत असाल तर संवत बघा. बऱ्याच पेढ्यांचं वर्ष लक्ष्मीपूजनानंतरच्या पाडव्याला बदलतं आणि वहीवर विक्रम संवत असतो, जो इसवी सनाच्या ५६-५७ वर्षं पुढे. शके असेल तर उलट, ७८ मिळवायचे. एका ओळीत तीन सनावळ्या मिसळल्या की ताई जन्माआधीच वर्गणी मागायला निघतात.

छोट्या रकमांची लाज वाटू देऊ नका, आणि लेखात त्या गाळूही नका. अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडाची कल्पनाच मुळी माणशी वर्षाला एक पैसा अशी होती, आणि त्यातून तळेगावचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला. अशा कामाची कथा मोठ्या देणगीदारांच्या यादीतून सांगताच येत नाही. आमच्या मागच्या सगळ्या स्मरणिकांत 'रुपये १,००१ व त्यावरील' अशीच यादी आहे. म्हणजे ताईंचं जवळजवळ सगळं काम त्या यादीच्या बाहेर राहिलं.

आता ताळेबंद. इथे माझ्यातला रोखपाल जागा झाला. गावात सर्वांच्या तोंडी होतं की तंबोरे आणि पेटी घ्यायला ताईंनी स्वतःचे २५,००० रुपये मंडळाला दिले. मीही पहिल्या लेखात तसंच ठोकून दिलं होतं, 'पदरमोड करून'. सार्वजनिक न्यासाचा ताळेबंद ठरावीक नमुन्यात असतो, परिशिष्ट आठ. उत्पन्न-खर्च परिशिष्ट नऊमध्ये. आठच्या डाव्या बाजूला न्यासाचा कायम निधी, इतर राखीव निधी आणि कर्जं अशी वेगवेगळी शीर्षकं येतात. ताईंची रक्कम कर्जाखाली होती. बिनव्याजी. पुढच्या वर्षी २१,०००, मग १७,०००, असं करत सहाव्या वर्षी शून्य.

मंडळातल्या एकांचं म्हणणं, हे कशाला उकरायचं, देणगीच राहू द्या, बरं दिसतं. मला उलट वाटलं. देणगी दिली असती तर विषय तिथेच संपला असता. इथे एका शिक्षकाच्या बायकोने पंचवीस हजार सहा वर्षं अडकवले आणि मंडळाने ते पैन्‌पै फेडले. यात तिचाही भरवसा दिसतो आणि मंडळाचीही पत. शिवाय खरं आहे. तेव्हा निदान ज्या रकमा लेखात येणार आहेत त्या प्रत्येकीपुढे स्वतःला विचारा : ही देणगी, ठेव, कर्ज की जाहिरात? स्मरणिकेतल्या पानभर जाहिरातीलाही लोक पुढे 'देणगी'च म्हणतात.

सरकारी कागदांकडे वळताना धीर लागतो, पण फार नाही. आमच्यासारखी मंडळं बहुधा दोनदा नोंदलेली असतात : संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली एकदा आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली एकदा. हा दुसरा नंबर एफ अक्षराने सुरू होतो. तो घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जायचं. तिथल्या नोंदवहीत विश्वस्त कोण, कधी आले, कधी गेले हे असतं. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, त्यामुळे 'ताई साधारण ऐंशीच्या सुमारास खजिनदार झाल्या' असलं काही लिहायची वेळ येत नाही. अर्ज करून, फी भरून नक्कल मिळते. मात्र चेंज रिपोर्ट मंजूर झाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष निवडीची तारीख यांत काही वर्षांचं अंतर असू शकतं. निवडीची घ्या.

नगरपालिकेत ताई दोनदा निवडून आल्या होत्या, म्हणून तिथले सर्वसाधारण सभेचे ठराव पाहिले. ठरावाखाली 'सूचक' आणि 'अनुमोदक' अशी दोन नावं असतात. चरित्र लिहिणाऱ्याला या दोन शब्दांइतकं उपयोगी दुसरं काही नाही. कागद सहज दाखवले नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, नकलेला पानामागे दोन रुपये, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, म्हणून 'ताईंच्या कारकिर्दीतील सर्व ठराव' असं मागू नका. वर्तमानपत्राच्या कात्रणांवरून सभेचा महिना काढा आणि तेवढाच मागा.

मी मागितला तो नाट्यगृहाच्या जागेचा ठराव. गावात समजूत अशी की नाट्यगृह ताईंनी आणलं. ठरावावर सूचक म्हणून भलतेच गृहस्थ निघाले, ताईंच्या विरुद्ध पक्षाचे. ताई अनुमोदक. क्षणभर वाईट वाटलं. मग त्या गृहस्थांच्या मुलाशी बोललो. तो म्हणाला, "बाबांना ठराव मांडायला लावायला ताई आमच्या घरी सात वेळा आल्या होत्या. त्या म्हणायच्या, मी मांडला तर तुम्ही लोक पाडाल. तुम्ही मांडा, मी हात वर करते." आता हे काही ठरावात लिहिलेलं नसतं. पण ठराव पाहिला नसता तर हा प्रश्न विचारायचं मला सुचलंच नसतं.

म्हणून 'उभारलं' या क्रियापदाला एकच कर्ता देऊ नका. मुंबईतल्या राणीच्या बागेतलं संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने आहे, आणि ते नाव मिळालं १९७५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर एकशे एक वर्षांनी. भाऊ दाजी, नाना शंकरशेट, जॉर्ज बर्डवुड अशा अनेकांनी लोकांकडून वर्गणी जमवली. पाया १८६२ ला घातला गेला. १८६५ मध्ये कापसाच्या तेजीवर फुगलेला शेअरबाजार कोसळला आणि मुंबईतले भलेभले धनिक बुडाले. त्याच वर्षी ३१ जुलैला नाना गेले. दारं उघडली १८७२ ला. हे कुणी एकाने उभारलं असं लिहिलं तर कथेतला सगळ्यात नाट्यमय भागच गळून जातो : पैसे देणारे बुडाले, मागणाऱ्यातला एक गेला, आणि तरी इमारत झाली. तुमच्या गावच्या सभागृहाच्या गोष्टीतही असा एक मधला, अडकलेला काळ असतोच. आमच्याकडे प्लिंथपर्यंत येऊन काम सात वर्षं थांबलं होतं, आत बाभळी उगवल्या होत्या. लेखात त्या सात वर्षांना मी एक अख्खं पान दिलं. उद्घाटनाला दोन ओळी. उद्घाटनं सगळी सारखीच असतात.

माणसांशी बोलायचं ते कागदांनंतर. कागद आधी वाचले की प्रश्न टोकदार होतात. 'ताई कशा होत्या?' असं विचारलं की सगळे एकच उत्तर देतात : 'देवमाणूस.' त्याऐवजी विचारा : पैसे मागायला आल्या तेव्हा कुठे बसल्या? किती वेळ थांबल्या? सोबत कोण होतं? तुम्ही पहिल्यांदा किती दिले, आणि का तेवढेच?

बाजारपेठेतल्या एका अडत्यांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, गादीवर बसून होते. मी माझी वही उघडली आणि म्हटलं, "शेठजी, पहिल्या वर्षी तुमचे २१ रुपये आहेत. दुसऱ्या वर्षी तुमची पावतीच नाही. तिसऱ्या वर्षी एकदम ५०१."

ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रोखपालसाहेब, दुसऱ्या वर्षी त्यांनी मागितलेच नाहीत."

"का?"

"हिशेब घेऊन आल्या होत्या. इथं उभ्या राहून अख्खा वाचून दाखवला. मंडप किती, बिदागी किती, गवयाचं जाण्यायेण्याचं भाडं किती. शिल्लक एकशे बारा की चौदा रुपये. म्हणाल्या, तुमचे एकवीस यात आहेत. आणि गेल्या. मी गल्ल्यात हात घातला होता, तसाच राहिला."

धर्मादाय खात्याचंही त्यांच्याकडूनच कळलं. पूर्वी अडत्याच्या पट्टीत, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठीत, मालाच्या किमतीबरोबर धर्मादाय म्हणून काही पैसे कापले जायचे. ते व्यापाऱ्याचे नसतातच, १९५० च्या कायद्यातही या धर्मादायावर स्वतंत्र कलम आहे. ताई म्हणे दुकानात शिरल्यावर आधी एवढंच विचारायच्या, "यंदा धर्मादायाचं काय ठरलंय?" माणसाच्या खिशाला हात घालण्याआधी जे पैसे द्यायचेच आहेत त्यांची वाट विचारायची. मागण्याची ही तऱ्हा 'संघटनकौशल्य' या शब्दात बसत नाही. ती जशी घडली तशीच सांगावी लागते.

नकार दिलेल्यांनाही शोधा. आमच्या वहीत त्यांची नावं अर्थातच नव्हती, पण पेन्सिलीच्या नोंदीत होती. एकांकडे गेलो. ते अजूनही रागावलेले होते. त्यांचं म्हणणं, शाळेला छप्पर नाही आणि तुम्हाला शास्त्रीय गाणं सुचतं. मुद्दा खोटा नव्हता. लेखात तो घातला, त्यांचं नाव न घालता. ताईंनी त्यांना काय उत्तर दिलं होतं? ते म्हणाले, "काही नाही. छपराच्या वर्गणीला आल्या तेव्हा एकावन्न देऊन गेल्या."

गुणगान करणारे खूप भेटतील. दोष सांगणाऱ्याला स्वतः जाऊन गाठावं लागतं. आमचा साथीदार मंडळींशी जुना संबंध, म्हणून एका तबलजीकडे गेलो. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग बोलले. बाहेरून येणाऱ्या गवयाची बिदागी मैफल संपताच पाकिटात तयार असायची. गावातल्या साथीदाराला मात्र 'तुम्ही घरचेच' म्हणून पुढच्या महिन्यात यायला सांगत. कधीकधी त्या महिन्यालाही पुढचा महिना असायचा. मी खर्चाची व्हाउचरं काढून पाहिली. खरं होतं. लिहिलं, तारखांसकट, पुढे एकही विशेषण न लावता. ताईंच्या मुलीला छापण्याआधी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आईचं आणि बाबांचं यावरून भांडण व्हायचं." मग तेही घालायची परवानगी तिने दिली.

पैशाच्या बाबतीतल्या चुकीने थोर माणूस लहान होत नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजेरजवाड्यांच्या नव्हे तर लोकांच्या आश्रयावर, मैफली करून, वर्गण्या जमवून. पण मुंबईत कर्ज काढून बांधलेली इमारत शेवटी कर्ज देणाऱ्यांकडे गेली. हे वगळून त्यांच्यावर लिहिता येईल का? येईल, पण ते मानपत्र होईल.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. एका पावतीवर नावाच्या जागी 'एक रसिक' होतं, रक्कम १०,०००, आणि मागे पेन्सिलीने पूर्ण नाव. मला वाटलं, केवढा शोध! पहिल्या प्रुफात नाव घातलं. प्रूफ कुणीतरी कुणाला दाखवलं, आणि दोन दिवसांनी एक सत्तरीच्या बाई माझ्या दारात. आरडाओरडा नाही. म्हणाल्या, "ते पैसे मी घरच्यांना न सांगता दिले होते. माझ्या बांगड्या होत्या. ताईंनी तीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही. तुम्हाला तीन आठवडे दम निघाला नाही." पान काढून टाकलं, पुन्हा जुळवलं. इथे मी जे लिहिलंय त्यातले सगळे तपशील बदलले आहेत, आणि त्यांना विचारून.

तेव्हा नियम असा ठेवा : गुप्तदान स्मरणिकेत गुप्तच राहतं. हिशेबाची गोष्ट वेगळी. आयकराच्या दृष्टीने संस्थेकडे देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदलेला नसेल तर ती निनावी देणगी ठरते आणि ठरावीक मर्यादेच्या पुढे तिच्यावर कर बसतो. ताईंनी पेन्सिलीने का होईना, नाव लिहून ठेवलं होतं. दप्तरात नाव असणं आणि छापून येणं या दोन गोष्टींतलं अंतर त्यांना कळत होतं, मला कळलं नव्हतं. जे हयात आहेत, किंवा ज्यांची मुलंबाळं गावात आहेत, अशा प्रत्येकाला त्याच्यापुरता मजकूर छापण्याआधी वाचून दाखवा. पूर्ण लेख नाही. पूर्ण लेख दाखवला की प्रत्येकजण दुसऱ्याच्या परिच्छेदात दुरुस्त्या सुचवतो.

मदतीच्या खेळांचा हिशेब स्वतंत्र मांडा. मराठी रंगभूमीला ही परंपरा नवी नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र केलेला 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठीच होता, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव वारले. अशा प्रयोगांबद्दल लिहिताना लोक 'भरघोस उत्पन्न झाले' म्हणून मोकळे होतात. तिकीटविक्री किती, खर्च वजा जाता हातात किती, एवढे दोन आकडे द्या. ताईंनी केलेल्या तीन मदत प्रयोगांपैकी एक चक्क तोट्यात गेला होता. पाऊस. तंबू उडाला, प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत दिले. पुढच्या वर्षी त्याच प्रेक्षकांनी दुप्पट दराने तिकिटं घेतली, असं सांगतात. मी तिकीटपुस्तक पाहिलं : दुप्पट नव्हे, दीडपट. दीडपटच लिहिलं.

लिहायला बसाल तेव्हा जन्मगाव, शिक्षण, विवाह या क्रमाने सुरू करू नका. ती माहिती चौकटीत द्या, सहा ओळींत. मी सुरुवात त्या रद्द पावतीपासून केली. मग अडते, मग कर्ज, मग बाभळी, मग तबलजी. तारखांच्या क्रमाने नाही, तरी वाचणाऱ्याचा गोंधळ झाला नाही, कारण प्रत्येक ठिकाणी साल दिलं होतं.

शब्दांची छाटणी करताना मी एक यादी टेबलावर ठेवली होती : दातृत्वाचा महामेरू, झंझावात, अजातशत्रू, निस्सीम उपासक, पोरके झालो, भरून न येणारी पोकळी, वादळवाट. यातला प्रत्येक शब्द पहिल्या मसुद्यात होता, 'पोरके' दोनदा. काढल्यावर लेख निम्मा झाला. जागा पावत्यांनी भरली. 'ताईंनी' हा शब्दही मोजा. दर वाक्याची सुरुवात 'ताईंनी' होत असेल तर बाकीचं गाव कुठे गेलं ते बघा.

फोटो हार घातलेला घेऊ नका, शालीचा तर नकोच. आम्हाला एक सापडला : मंडपाच्या मागे, लोखंडी खुर्चीवर, पायातली एक चप्पल काढलेली, मांडीवर पैशांची कापडी पिशवी, नोटा मोजतायत. नाक थोडं वर, चष्मा खाली. कार्यकारिणीतल्या दोघांना तो 'शोभत नाही' असं वाटलं. मतदान झालं, एका मताच्या फरकाने आला. फोटोखाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं दिली. मागे अर्धा दिसणारा मंडपवालासुद्धा, त्याच्या मुलाला विचारून.

छापायला देण्याआधी आकडे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, शक्यतो मंडळाच्या लेखापरीक्षकांकडून. आणि मोठ्याने वाचून. माझ्या लेखात ५०१ चं एकदा ५०१० झालं होतं. ते मला चार वेळा वाचूनही दिसलं नव्हतं, त्यांना ऐकताना लगेच खटकलं.

काम झाल्यावर सामान परत ठेवायचं, हे बहुतेकजण विसरतात. पावतीपुस्तकं वर्षवार बांधली, प्रत्येक गठ्ठ्यावर साल आणि पावती क्रमांक कुठून कुठपर्यंत ते लिहिलं, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्या. माझी पाच रकान्यांची वही त्यांच्यावर ठेवली आहे. लेखात न आलेल्या गोष्टींची दोन पानं तिच्या शेवटी आहेत. शेवटच्या पुस्तकात ताईंच्या हस्ते बासष्ट पावत्या आहेत, त्रेसष्टपासून अक्षर बदलतं, पुस्तक अजून संपलेलं नाही. ट्रंकेची एक किल्ली सचिवांकडे असते. दुसरी कुठे आहे ते ताईंनाच माहीत होतं.